पांढरं दिसलं की फवारायच्या आधी ते उलटं करून बघा

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता गावी गेलो होतो, तासगावकडं, तर तात्या म्हणजे आमचे चुलते बागेत ब्रश घेऊन द्राक्षाच्या ओलांड्यावरनं, म्हणजे तारेवर आडव्या पसरलेल्या जाड फांदीवरनं, काहीतरी खरवडत होते. पांढरं पांढरं, कापसाचे तंतू चिकटवल्यासारखं. मला बघून म्हणाले, "मिलीबग लई माजलाय ह्या साली. बघ की, केवढाले झालेत!"

ते "केवढाले" ऐकलं आणि मी जवळ गेलो. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण, तो वाढून वाढून तीन-चार मिलिमीटरचा होतो, साळीच्या दाण्याएवढा पण नाही. हे त्याच्या तिप्पट होते. एक उचलून तळहातावर घेतला तर तो पळायला लागला. मिलीबग पळत नाही हो, तो ढकलला तरी आळशी माणसासारखा जरा सरकतो आणि थांबतो. हा मात्र बोटाबोटांतनं वाट काढत मनगटाकडं निघाला. उलटा केला तर खाली सहा धडधाकट पाय आणि पुढं जबडा.

ती मिलीबग खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी होती. क्रिप्टोलेमस म्हणतात त्याला, पूर्ण नाव क्रिप्टोलेमस माँट्रोझायरी. आणि गंमत म्हणजे दोन महिन्यांपूर्वी तात्यांनीच पैसे भरून ह्या भुंगेऱ्यांचा डबा आणून बागेत सोडला होता. सोडलेले भुंगेरे काळे, डोकं आणि शेपटाकडची बाजू तांबूस, चारेक मिलिमीटरचे. त्यांची पोरं पांढरी केसाळ असतात हे देणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. म्हणजे विकत आणलेल्या राखणदाराची पोरं आम्हीच ब्रशनं मारत होतो, आणि वर "डबा आणून काय उपयोग झाला नाय" असं गावभर सांगून पण झालं होतं.

हा लेख त्यामुळं लिहितोय. मित्रकीटक वाचवा, मित्रकीटक वाचवा असं सगळे सांगतात, पण ते मरतात कसे आणि ते मेल्यावर कीड आधीपेक्षा जास्त का होते हे कोण नीट सांगत नाही. जरा लांब होईल पण सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो. उदाहरणं द्राक्षाची जास्त येतील कारण घरात तेच बघितलंय, पण डाळिंब, संत्री, मोसंबी, पेरू, सीताफळ सगळीकडं खेळ हाच आहे.

आधी त्या पांढऱ्या वेषाचं बघू, कारण तो मुळात आपल्यासाठी नाहीच. तो मुंग्यांसाठी आहे. मिलीबग झाडाचा रस पितो आणि मागनं गोड चिकटा सोडतो, पानावर घडावर जो चिकटपणा येतो आणि नंतर त्याच्यावर काळी बुरशी चढते तो हाच. मुंग्यांना हा चिकटा म्हणजे दुधाची गाय. मग त्या गवळ्यासारखं मिलीबगचं कळप राखतात, कोण खायला आलं की त्याला चावून हाकलतात. त्या गर्दीत शिरायचं तर मिलीबगसारखंच दिसायला पाहिजे, म्हणून ही अळी अंगावर मेणाचे पांढरे तंतू घेऊन फिरते आणि मुंग्यांच्या देखत त्यांच्याच गाई खाते. मुंगीला फसवायला घातलेला वेष, पण फसला कोण तर औषधाचा पंप घेतलेला माणूस!

बरं ओळख ही पहिली अडचण, आणि ती फक्त ह्याच अळीची नाही. लेडीबर्ड म्हणजे ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, लाल पाठ आणि काळे ठिपके, पोरं हातावर घेऊन खेळतात. पण त्याचीच अळी काळी, खरबरीत, मधे नारिंगी डाग, बारक्या मगरीसारखी दिसते, आणि ती दिसली की भलेभले "ही कुठली नवीन अळी आली" म्हणून दुकानात फोटो पाठवतात. मावा खाण्यात तीच पुढं असते. तसंच क्रायसोपर्लाचं. मोठेपणी हिरवा नाजूक, जाळीदार पंखांचा, रात्री लाईटवर येतो तो. त्याची अंडी पानावर केसाच्या टोकाला लावल्यासारखी उभी असतात, एकेका अंड्याला स्वतःची काडी. का तर त्याची पिल्लं इतकी खादाड की बाहेर आल्या आल्या शेजारचं भावंडच खाऊन टाकतील, म्हणून आई सगळ्यांना वेगवेगळ्या काडीवर टांगून ठेवते. लोकांना ती बुरशी वाटते. सिरफिड माशी बारक्या गांधीलमाशीसारखी पट्टेवाली, फुलापुढं हवेत एका जागी थांबते ती. तिची अळी माव्याच्या घोळक्यात बिनपायाची लिबलिबीत पडलेली असते, तिला कोण मित्र म्हणेल?

आणि कोळी. इथं मराठीनंच आपला घात केलाय बघा. जाळं विणणारा आठ पायांचा तो कोळी, तो मित्र. पानाच्या खाली बसून रस शोषणारा, पान तांबूस करणारा तो लाल कोळी, तो शत्रू. आणि त्या लाल कोळ्याला खाणारा त्याच्याच जातकुळीतला, तेवढाच बारका, जरा जास्त चपळ असा भक्षक कोळी, तो परत मित्र. तिघांना एकच शब्द. सल्ला देणारा म्हणतो "कोळ्यासाठी फवारा" आणि शेतकरी बागेतली जाळी पण झाडून काढतो.

ह्या सगळ्यांना परभक्षी म्हणतात, म्हणजे पकडून खाणारे. दुसरा गट परोपजीवींचा, त्या बारक्या गांधीलमाश्या, किडीच्या अंगात अंडं घालतात आणि त्यांची अळी किडीला आतनं पोखरून संपवते. त्या एवढ्या बारक्या असतात की साध्या डोळ्यांना धूळ वाटावी. त्यांचं काम मात्र धुळीएवढं नाही. २००८ मध्ये कोइमतूरकडं पपईवर बाहेरच्या देशातला मिलीबग आला, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, आणि पुढं आपल्याकडच्या पपईच्या बागांपर्यंत पोचला. औषधांनी काय दाद लागेना. शेवटी २०१० मध्ये शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं पोर्तो रिकोवरनं त्या मिलीबगवर जगणाऱ्या गांधीलमाश्या मागवल्या, त्यातली ॲसेरोफॅगस पपाये नावाची सगळ्यात कामाची ठरली, आणि पुढच्या काही महिन्यांत तो मिलीबग आटोक्यात आला. पण त्या माशीची अट एकच होती, तिला जगू द्यायचं. जिथं फवारणी चालूच राहिली तिथं ती टिकणार कशी?

आता मुद्द्याचं. फवारणीनंतर कीड वाढते कशी? औषध भेसळीचं होतं, पाऊस लागला, डोस कमी पडला ही कारणं आपण लगेच काढतो आणि कधीकधी ती खरी पण असतात. पण औषध एकदम चोख असेल तरी हे होऊ शकतं.

समजा बागेच्या एका कोपऱ्यात १००० मिलीबग आहेत आणि त्यांना खाणारे १० भुंगेरे. (हे आकडे नुसते हिशोबासाठी धरा.) आपण असं औषध मारलं की दोघांतले शंभरातले ९० मरतात. राहिले १०० मिलीबग आणि १ भुंगेरा. प्रमाण तेच आहे की, म्हणाल. पण आता बघा. तो जो एक भुंगेरा राहिला त्याला जोडीदार नाही, म्हणजे पुढची पिढी नाही. त्याला पोटभर खायला हिंडावं लागतं, आणि हिंडताना औषध लागलेल्या पानांवरनंच चालावं लागतं. जो मिलीबग खातो त्याच्या अंगात पण औषध असू शकतं. म्हणजे एका फवारणीत त्याला तीनदा मार बसतो, एकदा अंगावर, एकदा पायाखाली, एकदा ताटात. आणि मिलीबग? तो खोडाच्या सालीखाली बसलेला, अंगावर मेणाचा कोट, अंडी कापसासारख्या पिशवीत गुंडाळलेली आणि एकेका मादीची अंडी शेकड्यांनी. तिथं ब्लोअरच्या फवाऱ्याचं पाणी पोचत नाही. म्हणजे आपण ९०-९० धरलं ते पण भुंगेऱ्याला फार सवलत देऊन धरलं, प्रत्यक्षात उघड्यावर फिरणारा जास्त मरतो आणि लपलेला कमी. पुढच्या महिनाभरात मिलीबगची नवी पिढी येते आणि तिला खाणारा कोण उरलेला नसतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात बाग एकदम साफ दिसते आणि पाचव्या आठवड्यात परत पांढरी. मग दुसरं औषध, मग तिसरं.

हे गणित कुणा शेतकी शास्त्रज्ञानं आधी मांडलं नाही, ते आलं माशांच्या बाजारातनं. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी जवळजवळ थांबली होती. युद्धानंतर उंबेर्तो दान्कोना नावाच्या इटालियन जीवशास्त्रज्ञानं बंदरांवरच्या बाजाराच्या नोंदी बघितल्या तर त्याला दिसलं की युद्धाच्या काळात पकडलेल्या माशांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं होतं. मासेमारी कमी झाली तर सगळेच मासे सारखे वाढायला पाहिजेत ना, शिकारीच का जास्त? हे कोडं त्यानं आपल्या होणाऱ्या सासऱ्याला घातलं. सासरे गणिताचे मोठे प्राध्यापक, वितो व्होल्तेरा. त्यांनी १९२६ मध्ये समीकरणं मांडून दाखवलं की खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघांना सारख्याच प्रमाणात मारत राहिलं तर सरासरीनं खाणारे घटतात आणि खाल्ले जाणारे वाढतात. मारणं थांबलं की उलटं. जाळं काय आणि फवारा काय, समीकरणाला फरक पडत नाही. जावयानं सासऱ्याला विचारलेला प्रश्न आपल्या द्राक्षबागेत येऊन बसलाय असं समजा.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांनी दोन्ही बाजूंनी दाखवलंय. तिथं १८६८ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातनं एक खवलेकीड पोचली, पांढऱ्या कापसाच्या उशीसारखी दिसणारी, आणि पुढच्या वीस वर्षांत संत्री-लिंबाच्या बागा बसायला आल्या. लोक झाडं उपटून जाळायला लागले. मग अल्बर्ट कोबेल नावाचा माणूस १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला, किडीच्या मूळ घरी तिला कोण खातं ते बघायला. त्याला व्हेडालिया नावाचा लालकाळा बारका ढालकिडा सापडला. पहिल्या तीन खेपांत मिळून १२९ भुंगेरे जिवंत पोचले. एकशे एकोणतीस! लॉस एंजेलिसमधल्या एका किडलेल्या संत्र्याच्या झाडावर कापडाचा तंबू टाकून त्यात ते सोडले, झाड साफ झाल्यावर तंबूची बाजू उघडली, आणि मग शेतकरी डबे घेऊन भुंगेरे न्यायला यायला लागले. १८८९ संपेपर्यंत त्या भागातली कीड आटोक्यात. पुढं पन्नास-पंचावन्न वर्षं कुणाला त्या किडीची आठवण काढायची वेळ आली नाही.

नंतर दुसरं महायुद्ध संपलं आणि डीडीटी बाजारात आलं. दुसऱ्याच किडींसाठी ते बागांत मारलं, व्हेडालिया त्यात मेला, आणि १९४६-४७ मध्ये ती अर्धशतक झोपलेली खवलेकीड परत झाडं पांढरी करत उभी राहिली. लोकांना परत ढालकिडे शोधत हिंडावं लागलं. मला ह्या गोष्टीतला दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या बागेत आत्ता ज्या किडींचा त्रास "नाही", त्यातल्या कितीतरी कुणीतरी दाबून धरलेल्या आहेत आणि तो दाबून धरणारा आपल्याला दिसत नाही. लाल कोळी हे तर रोजचं उदाहरण. थ्रिप्स, उडद्या असल्या किडींसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं स्वस्त औषध दोन-तीनदा मारायचं, भक्षक कोळी संपवायचे आणि मग लाल कोळी वाढला म्हणून महागडं कोळीनाशक आणायचं.

आमचा तो वेष घेतलेल्या पोरांचा भुंगेरा, क्रिप्टोलेमस, पण मूळचा ऑस्ट्रेलियाचाच बरं का. भारतात तो १८९८ मध्ये आणला, कॉफीवरच्या खवलेकिडीसाठी, आणि दक्षिणेत तो इथलाच होऊन बसला. आता प्रयोगशाळांत लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवायचे आणि त्या मिलीबगवर हे भुंगेरे वाढवायचे असा कारखाना चालतो.

तात्यांना मी हे सगळं गणित सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे कोनोबाथ्राच की रं!" आणि मला एकदम हसू आलं कारण मी अर्धा तास जे समजावत होतो ते त्यांना वीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. २००२ मध्ये आमच्या सांगली भागात उसावर लोकरी मावा आला तेव्हा पानाखाली नुसती पांढरी गादी. उंच उसात शिरून फवारायचं कसं हाच प्रश्न होता. मग त्या माव्याला खाणारी कोनोबाथ्राची अळी सापडायला लागली, डिफा पण म्हणतात तिला, आणि मायक्रोमस नावाचा दुसरा एक मित्रकीटक. लोक अळ्या-कोष असलेली पानं कापून दुसऱ्याच्या उसात नेऊन लावत होते, पाहुण्यांच्या गावाला पिशवीतनं घेऊन जात होते. उसात फवारता येत नव्हतं म्हणून मित्रकीटक वाचले, असं मला आता वाटतं. द्राक्षात फवारता येतं हीच अडचण झालीय.

मग करायचं काय? फवारणी बंद करा असं मी म्हणणार नाही, भुरी-डावणी ह्या बुरशीच्या रोगांच्या पट्ट्यात बाग असलेल्या माणसाला असं सांगणारा एकतर बाग न केलेला असतो नाहीतर काहीतरी विकत असतो. प्रश्न कुठलं औषध, कधी आणि कुठं मारायचं हा आहे.

कुठलं, ह्यात एक मोठा गैरसमज आधी काढतो. डब्यावरचा रंगीत त्रिकोण असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा, तो बघून लोक म्हणतात हिरवा म्हणजे सगळ्यांना सेफ. तो रंग माणसासाठी आहे, उंदरांवरच्या विषारीपणाच्या चाचण्यांवरनं ठरवलेला. भुंगेऱ्याला, माशीला, भक्षक कोळ्याला त्याचा काही संबंध नाही. हिरव्या त्रिकोणाचं औषध ढालकिड्याच्या अळ्यांचा निकाल लावू शकतं. सौम्य समजल्या जाणाऱ्या औषधाचं उदाहरण द्यायचं तर बुप्रोफेझिन. मिलीबगसाठी ते चालतं, कात टाकताना किडीला अडवतं, मोठ्या भुंगेऱ्याला फार त्रास देत नाही म्हणून ते मऊ औषध समजतात, आणि पायरेथ्रॉइडच्या मानानं आहेच. पण भुंगेऱ्याची अळी पण कात टाकूनच वाढते की! म्हणजे डबा सोडून अळ्या दिसायला लागल्या आणि आपण तेव्हाच हे मारलं तर मोठे राहतील आणि पोरं जातील. भुरीसाठी मारतो ते गंधक पण सारखं सारखं मारलं तर भक्षक कोळ्यांना जड जातं. आणि "जैविक" लिहिलंय म्हणून डोळे झाकून मारायचं हे पण नको. निंबोळी अर्क, व्हर्टिसिलियमसारख्या बुरश्या रासायनिकपेक्षा कितीतरी सौम्य आहेत हे खरं, पण बुरशीला दमट हवा लागते, कोरड्या उन्हात दुपारी मारली तर ना कीड मरते ना काही, नुसतं डिझेल जाळलं.

म्हणून दुकानात विचारताना "जालीम कुठलंय" असं विचारू नका, "मला मिलीबगवर पाहिजे पण भुंगेऱ्याला कमी त्रास देणारं" असं विचारा. समोरचा जरा वेळ बघत बसेल, बघू द्या. आणि द्राक्षाला लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर ते औषध मंजूर आहे का, आणि फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे दिवस हे तर बघावंच लागतं, ते परत सांगत नाही.

आता कधी, हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा आहे. एक्सपोर्टच्या घडात एक मिलीबग पण चालत नाही, तिथं "थोडी कीड राहू द्या, मित्रकीटकांना खायला पाहिजे" हे तत्त्वज्ञान कोण ऐकणार? मी पण नाही ऐकणार. पण घड बागेत वर्षभर नसतात. एप्रिल छाटणीपासून ऑक्टोबर छाटणीपर्यंत खोड-ओलांडे-काड्या असतात, घड नसतो. मिलीबग तेव्हा सालीखाली आणि नव्या फुटीवर आपला संसार वाढवत असतो, आणि आपण जानेवारीत तो घडात उतरला की जागे होतो. त्या सहा महिन्यांत थोडा मिलीबग दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो भुंगेऱ्याचा शिधा आहे. किडीचा दाणा पण नसेल तर भुंगेरा उडून शेजारच्या बागेत जाणार, तो काय आपल्या प्रेमाखातर थांबणार नाही. म्हणजे खरी राखण पावसाळ्यात करायची, घड आल्यावर नाही.

कुठं, ह्याचं उत्तर सोपं आहे, जिथं कीड आहे तिथंच. दोन एकरात पंधरा वेलींवर मिलीबग असेल तर रिबीन बांधून त्याच पंधरा वेली धुवायच्या, सगळ्या बागेवर ब्लोअर फिरवायचा नाही. खोडाची सुटी साल काढली, खोड-ओलांड्यावरच औषध लावलं, तर पानांवरचे ढालकिडे, कोळी वाचतात. साल काढताना खाली पोतं अंथरायचं आणि ती बागेबाहेर नेऊन जाळायची, पण जाळायच्या आधी त्यात आपली पळणारी पांढरी पोरं आहेत का बघा, असली तर परत ओलांड्यावर सोडा. वेळ जातो, मान्य. मजूर वैतागतात, ते पण मान्य.

मुंग्यांचं मात्र काहीतरी करायलाच पाहिजे, कारण मुंग्या आहेत तोवर भुंगेरा निम्म्या ताकदीनंच लढणार. खोडाला चिकट पट्टी बांधतात, ती चांगली, पण मुंगी हुशार आहे, पट्टी दिसली की बांबूवरनं, तारेवरनं, खाली लोंबणाऱ्या काडीवरनं चढते. ते पूल तोडल्याशिवाय पट्टीचा उपयोग नाही. वारूळ शोधून तिथंच बंदोबस्त केला तर उत्तम. पट्टीवर धूळ बसली की ती रस्ताच होते, बदलत राहावी लागते.

पण सगळ्या मुंग्या शत्रू नाहीत, हे कोकणातल्या लोकांना सांगायला नको. आंब्याच्या, काजूच्या झाडावर पानं शिवून घरटं करणारी लाल मुंगी, तिकडं ओंबील म्हणतात आणि गोव्याकडं हुमले, ती झाडावर येणाऱ्या कितीतरी किडींना फाडून खाते. चीनमध्ये संत्र्याच्या बागांसाठी ह्याच जातीच्या मुंग्यांची घरटी बाजारात विकत मिळायची, त्याची नोंद इसवी सन ३०४ च्या सुमाराची आहे, माणसानं पिकासाठी मित्रकीटक वापरल्याच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. नंतरच्या काळात तर लोक एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर जायला त्यांना बांबूचे पूल बांधून द्यायचे. म्हणजे आम्ही पूल तोडतोय आणि ते बांधत होते! अर्थात ओंबील पण काही खवलेकिडी चिकट्यासाठी पाळतेच, आणि आंबा उतरवणाऱ्याला ती मित्र आहे हे पटवून द्यायला मी जाणार नाही.

खाण्याचा प्रश्न राहिला. ढालकिडे, सिरफिड माशी, क्रायसोपर्ला ह्यांना किडीशिवाय परागकण आणि मध लागतो. सिरफिड आणि क्रायसोपर्ला मोठेपणी बहुतेक त्याच्यावरच जगतात, शिकार करतात ती त्यांची पोरं. बाग एकदम चकाचक, बांधावर काडी नाही अशी ठेवली की ह्यांना बसायला जागा नाही. बांधाला मक्याची ओळ, मधे कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलावर सोडून द्यायची. छत्रीसारखी उघडी फुलं असतात ती, बारक्या तोंडाच्या माशीला पण मध लागतो. चवळीवर मावा येतो आणि माव्यावर ढालकिडे येतात, हे कापूसवाल्यांना चांगलं माहीत आहे. फक्त झेंडू लावा झेंडू लावा जे चाललंय त्यावर मी जरा सावध आहे, कारण झेंडूच्या फुलात थ्रिप्स पण मजेत राहतात, द्राक्ष-डाळिंबाला अगदी चिकटून लावताना विचार करा. आणि गाजरगवत, जास्वंद ही मिलीबगची माहेरघरं आहेत, बांध राखायचा म्हणजे तण माजवायचं असा अर्थ काढू नका.

एक बारकी गोष्ट जी कुणी सांगत नाही, धूळ. कच्च्या रस्त्याकडच्या दोन ओळींत लाल कोळी कायम जास्त का असतो बघा. धुळीत लाल कोळ्याचं चांगलं चालतं आणि त्याला खाणाऱ्यांचं चालत नाही. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी मारलं तरी फरक पडतो.

डबा आणून सोडायचाच असेल तर हेक्टरी ५००० भुंगेरे अशी शिफारस असते, पण आकड्यापेक्षा सोडायची पद्धत महत्त्वाची. आधीच्या कडक फवारणीला दोन-तीन आठवडे तरी झालेले असू देत. संध्याकाळी सोडा, भर उन्हात नाही. आणि सगळा डबा बागेच्या तोंडाशी झटकून घरी जाऊ नका, रिबीन बांधलेल्या किडलेल्या वेलींवर वाटून सोडा. नंतर पंधरा-वीस दिवसांनी भिंग घेऊन पांढरी पोरं शोधा. मिळाली तर डबा लागू झाला. पुढची टाकी भरायच्या आधी मग परत विचार करायचा.

हे पण सांगून ठेवतो की भुंगेरा म्हणजे काय औषध नाही. मारलं आणि दुसऱ्या दिवशी खाली पडलेली कीड बघितली असं समाधान तो देत नाही. त्याची एक पिढी व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, कडाक्याच्या थंडीत तो गारठतो, कडक कोरड्या उन्हात पण त्याचा जोर कमी होतो. तात्यांच्या बागेत पहिल्या वर्षी काही चमत्कार वगैरे झाला नाही. मिलीबगसाठीच्या फवारण्या कमी केल्या, घडात थोडा मिलीबग आलाच, तेवढे घड काढून टाकले. दुसऱ्या वर्षी रिबीन बांधायच्या वेली कमी भरल्या. ह्यात भुंगेऱ्याचं श्रेय किती, साल काढल्याचं किती आणि हवामानाचं किती हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

आता तात्यांनी भिंग घेतलंय, मोबाईलला चिमटा लावून बसवायचं, दीडशे-दोनशेचं. काय दिसलं की फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात, खाली एकच प्रश्न, "आपला का परका?" गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोटो आला, ओलांड्यावर एक पांढरा केसाळ एकटाच बसलेला. मी झूम करून बघितलं, पाय दिसेनात, म्हणून विचारलं पळतोय का. तिकडनं पाच मिनिटांनी उत्तर आलं, "न्हाय. काडीनं ढोसलं. जरा सरकला आन थांबला."

"परका," मी लिहिलं.

"मारू?"

"किती आहेत?"

"येकच."

"राहू द्या."

त्यावर बराच वेळ दोन निळ्या टिका नुसत्याच.